मी आलो की उठून जाणारी बाई

हे खरं घडलेलं आहे.

खोटं रचायला अंगात त्राण लागतं. ते माझ्यात उरलेलं नाही. साखरेने आधी माझ्या पायाची बोटं नेली, मग दोन्ही डोळे नेले. जे काही उरलंसुरलं आहे ते दिवसभर चटईवर बसून असतं. मी हे फोनमध्ये बोलतोय आणि फोन लिहून घेतोय. कुठे चुकलं असेल तर ती चूक त्याची.

भुताच्या गोष्टी म्हणे रात्री घडतात. ही भर दिवसा घडली. उन्हात. माणसांनी गच्च भरलेल्या बोटीवर.

अर्थात मला दिवस काय आणि रात्र काय, सारखंच.

आमची राजधानी नुकुआलोफा, तिथून हाआपाय बेटांकडे जाणारी बोट. जुलै महिना, मंगळवार. त्या बोटीवर माझी मुलगी तोआकासे सबंध दिवस एका बाईशी बोलत होती.

आणि ती बाई... मी जवळ गेलो की उठून जायची.

आम्ही का निघालो होतो ते आधी सांगायला हवं. तोआचा नवरा फेलेती न्यूझीलंडला सफरचंदाच्या बागेत कामाला आहे. लग्नही तिकडेच झालं, घाईघाईत. नंतर तोआला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पोट रिकामं झालं. तिसऱ्या वेळी मी तिला घरी बोलावून घेतलं. बायको असती तर तिने सगळं पाहिलं असतं, पण ती केव्हाच गेली. राहिलो मी, आंधळा.

गावात जो भेटे तो एकच विचारायचा.

"आत्याला विचारलंत का?"

आमच्यात पोरीच्या कुशीवर आत्याचा शब्द चालतो. आत्या नाराज असेल तर पाळणा हलत नाही. आणि तोआच्या लग्नात आत्याची जागा रिकामी होती. बोटीला खाडा पडला, विमान चुकलं, ती पोचलीच नाही. तिच्या मानाच्या चटया आणि केकचा वरचा मजला सासरच्या कोणाच्या तरी हाती गेला.

माझी बहीण, लुसिआने नाव तिचं, यावर एक शब्द बोलली नाही.

तेच वाईट. बोलली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर तिथेच मिटलं असतं.

म्हणून ठरवलं, हाआपायमधल्या फोआ बेटावर तिच्या घरी जायचं. तोआने तिच्यासमोर बसायचं, तिने पोटाला तेल लावायचं आणि "होऊ दे" म्हणायचं. बास, एवढंच.

तोआ वैतागली होती. "बाबा, डॉक्टर म्हणाले रक्तदाबामुळे होतं."

"होत असेल. डॉक्टरच्या गोळ्याही घे आणि आत्याचं तेलही घे. दोन्हीने पोट काही फुटत नाही."

"आणि तिने नाही म्हटलं तर?"

मलाही तीच भीती होती.

लुसिआनेबद्दल एक गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

ती माझी सख्खी बहीण, माझ्याहून मोठी. पण मला मिसरूड फुटलं तेव्हापासून आम्ही कधी एका छताखाली बसलो नाही. आमची रीतच तशी. बहीण म्हणजे मान. भाऊ खोलीत आला की ती उठते, नाहीतर तो दारातूनच मागे फिरतो. थट्टा नाही, शिवाशिव नाही, नजरेला नजर नाही. त्या वयात ती माझं ताट दारात ठेवायची, खांबावर बोटाने दोनदा टकटक करायची आणि निघून जायची. मी जाईपर्यंत तिथे कोणी नसायचं. फक्त ताट... आणि तिच्या तेलाचा वास.

माझे डोळे गेले तेव्हा लोक हळहळले. म्हणाले, आता बहिणीचं तोंडही दिसणार नाही तुला.

मला हसू आलं. डोळे होते तेव्हा तरी मी तिला कुठे नीट पाहिलं होतं? तिचे हात कसे आहेत, केस कधी पिकले, मला काही माहीत नाही. मला माहीत होतं ते तिचं जाणं. उठतानाची खरखर, लांब जाणारी पावलं, आणि ती बसली होती तिथली ऊब.

तर बोट.

ती सोमवारी संध्याकाळी सुटायची होती. इंजिन बिघडलं. रात्रभर आम्ही धक्क्यावर सामानाला टेकून पडलो. तोआच्या फोनमध्ये न्यूझीलंडचं कार्ड, ते इथे चालेना, आणि पुढे चार्जिंगही संपलं. मंगळवारी ऊन वर आल्यावर एकदाचा भोंगा वाजला. तोवर माझी पाठ मोडली होती आणि पाय सुजून भोपळे झाले होते.

डेकवर ताडपत्रीखाली सगळ्यांनी चटया पसरल्या. तोआला केबिनच्या भिंतीलगत सावलीची जागा मिळाली. तिला आडवं होता यावं म्हणून मी पलीकडे कठड्याशी बसलो, पुरुषांच्यात.

माझ्या शेजारी लोपेती नावाचा माणूस होता. बोट लागते त्या पांगायला त्याचं दुकान आहे. बरोबर बर्फातल्या कोंबड्या, पोत्यात एक डुक्कर, आणि तोंडाला कुलूप नाही.

"कुठली रे पोरगी तुझी?" त्याने विचारलं. "भिंतीशी बसलीय ती? कितवा?"

"सातवा."

"मग तिला डुकराजवळ का बसवत नाहीस? डुक्कर मऊ असतं टेकायला."

"तुझ्याजवळ बसवली असती. पण डुक्कर जास्त स्वच्छ आहे."

तो खूप वेळ हसला. बोट निघाली, पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली, बायकांनी भजन धरलं. मग हळूहळू सगळे थकून गप्प झाले. रात्रभर कोणालाच झोप नव्हती.

तेव्हा मला तोआचा आवाज ऐकू आला.

ती कोणाशी तरी बोलत होती. हळू, निवांत. मध्येच थांबायची, समोरचं बोलणं ऐकून घेतल्यासारखी... मग "हो का", "बरं", असं म्हणायची.

समोरच्याचा आवाज येत नव्हता.

इंजिनामुळे येत नसेल, असं मला वाटलं. तोआचा मात्र स्पष्ट येत होता.

मला बरं वाटलं. पोरीला सोबत मिळाली. मी पिशवीतून उकडलेल्या अरवीचा तुकडा काढला आणि काठी टेकत तिच्याकडे निघालो.

जवळ पोचलो... आणि खरखर ऐकू आली.

आमच्यात कपड्यांवरून कमरेला गुंडाळतात त्या चटईची खरखर. रोजच्या नाही, मोठ्या, जाड्याभरड्या. दुखवट्यात गुंडाळतात ना, तसली. कोणीतरी उठलं. अनवाणी पावलं भिंतीच्या कडेने मागे गेली.

मी तोआजवळ बसलो. चटई गरम होती. सावलीतली चटई... पण बसून उठलेल्या माणसाची ऊब तिला होती.

"कोण गं?" मी विचारलं.

"एक मावशी आहेत. फोआच्याच."

"मी आलो म्हणून उठल्या?"

"हो ना. अर्धं वाक्य तोंडात होतं त्यांच्या. तुमची काठी वाजली आणि उठल्याच."

मी समजलो. मला पाहून जी बाई उठते ती माझ्या नात्यात बहीणच लागत असणार. फोआवर निम्म्या बायका माझ्या चुलतमावस बहिणी आहेत, आणि चुलत काय, सख्खी काय, आमच्यात रीत एकच.

"नाव काय म्हणाल्या?"

"विचारलं नाही हो. मावशी म्हटलं तर म्हणाल्या, मावशी नाही गं मी. मग काय म्हणू, तर नुसत्या हसल्या."

"दुखवट्यात आहेत का?"

"तुम्हाला कसं कळलं? केवढी चटई गुंडाळलीय, पार काखेपर्यंत. निळ्या लोकरीची किनार आहे, एका कोपऱ्यात उंदरांनी कुरतडलेली. कोण गेलं विचारलं तर म्हणाल्या, घरचंच." तिने आवाज खाली आणला. "किती वाळल्यात बिचाऱ्या. नुसती हाडं."

दुखवट्यातली बाई, त्यात नात्याने बहीण. तिला त्रास द्यायचा नाही, नाव विचारायचं नाही, तिची जागा अडवून बसायचं नाही. मी अरवी तोआच्या हातात दिली आणि परत माझ्या जागी आलो.

मी शहाण्यासारखा वागलो. लहानपणी शिकवलं होतं तसाच वागलो.

तिथेच ठाण मांडून बसलो असतो तर... पण ते जाऊ द्या.

दुपारी पुरुषांनी कावा कालवला, मुळी कुटून केलेलं गुंगीचं पेय. वाटी फिरायला लागली. लोपेतीची जीभ आधीच सैल, कावा पिऊन आणखी सैल झाली. त्याने एका विधवेची आणि नारळ उतरवणाऱ्याची गोष्ट काढली. पुढे काय येणार ते सगळ्यांना माहीत होतं.

मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"थांब. इथे माझी बहीण बसलीय."

सगळे एकदम गप्प झाले. असं म्हटल्यावर कोणीही गप्पच होतं. लोपेतीने घसा खाकरला.

"माफ कर बाबा. कुठे बसलीय?"

"माझ्या पोरीशेजारी. भिंतीजवळ."

तो मान वळवून बघत असावा.

"तिथे कोणी नाही," तो म्हणाला.

"उठून गेली असेल."

"असेल."

पण तेव्हाही मला पलीकडून तोआचा आवाज येत होता. "हो," ती म्हणत होती. "हो, चालेल की."

लोपेतीने ती गोष्ट पुरी केली नाही. वाटी फिरत राहिली. कोणीतरी पिकावर, पावसावर काहीबाही बोललं. न दिसणाऱ्या बाईसाठी दहाबारा बाप्ये मान राखून बसले होते.

नंतर लाटा वाढल्या. बोट कलायला लागली, लोक ओकायला लागले. मी कठड्याला डोकं टेकलं आणि माझा डोळा लागला. डोळा म्हणायचं आपलं.

जाग आली ती शांततेने. तोआचा आवाज थांबला होता.

मी उठलो. दोनदा पडता पडता वाचलो. भिंतीपर्यंत पोचतो न पोचतो तोच... खरखर.

पावलं. भिंतीच्या कडेने, मागे.

या वेळी मी हाक मारणार होतो. तोंड उघडलंसुद्धा. पण बहिणीला पाठीमागून हाक मारायची नसते.

खाली बसलो. चटई गरम. आणि वास आला... खोबरेल, त्यात चंदनाची साल. फोआचं तेल. तिकडच्या सगळ्याच बायका असं तेल काढतात. मी स्वतःला तसंच सांगितलं.

"तोआ?"

ती झोपेतून उठल्यासारखी बोलली. "पोट दुखायला लागलं होतं बाबा. लाटांमुळे असेल. त्यांनी तेल चोळलं. एवढं बरं वाटलं..."

"तेल कोणी चोळलं?"

"त्या मावशींनीच. बाळाने सकाळपासून लाथा मारून जीव नकोसा केला होता. त्यांनी हात ठेवला आणि गप्पच झालं."

"गप्प म्हणजे?"

"म्हणजे हलत नाहीये." आणि मग तिलाही ते कळलं. तिचा आवाज बदलला. "हलत नाहीये, बाबा."

"झोपलं असेल."

"हो. झोपलं असेल."

मी तिथून हललो नाही. रीत गेली खड्ड्यात, म्हटलं. तोआने माझा हात घट्ट धरला होता. तिच्या बोटांना ते तेल होतं, माझ्याही बोटांना लागलं. मी सारखा विचारत राहिलो, हलतंय का? ती दर वेळी नाही म्हणायची. नंतर मी विचारायचं सोडलं. आधीच्या दोन वेळाही असंच झालं होतं. आधी हालचाल थांबली होती, मग बाकीचं.

ती बाई परत आली नाही.

पांगायच्या धक्क्याला लागलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. लोपेतीने आमची पिशवी उचलली आणि माझ्या कानाशी आला.

"पुन्हा पोरीला एकटी बसवू नकोस."

"एकटी कुठे होती?"

"लिसिआते," त्याने मला नावाने हाक मारली, "मी सकाळपासून तिच्या समोर आहे. तिच्या बाजूची जागा दिवसभर रिकामी होती." त्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "एवढ्या गर्दीत रिकामी होती, हेच नवल. माझं पोतं ठेवायला गेलो होतो मी तिथे. ते डुक्कर जाईना. ओरडून ओरडून जीव घ्यायला लागलं."

तो पिशवी ठेवून निघून गेला.

धक्क्यावर बहिणीचा मुलगा माका येणार होता. पावलं जवळ आली आणि मी ती ओळखली. पण पावलांच्या आधी मला दुसरंच काहीतरी ऐकू आलं.

खरखर.

माकाने मोठी चटई गुंडाळली होती. जाडीभरडी.

त्याने तोंड उघडण्याआधीच मला सगळं कळलं. डोळसांना बातमी नंतर कळते.

"मामा," तो म्हणाला. "आई गेली. काल संध्याकाळी. घरी फोन केला तर तुम्ही निघालेले. तोआचा लागतच नव्हता."

तोआ रडायला लागली. "कसं झालं? आम्हाला आजारी म्हणून कोणी सांगितलंसुद्धा नाही."

"आईनेच सांगू दिलं नाही. वाळून नुसत्या काड्या झाल्या होत्या तिच्या. तरी रोज विचारायची, तोआ कधी येणार." माका नाक ओढत होता. "काल म्हणाली, त्यांची बोट आज सुटत नाही. मीच जाऊन भेटून येते. आम्हाला वाटलं, तापात बरळतेय."

बोट सुटली नव्हती हे तेव्हा फोआवर कोणालाच माहीत नव्हतं.

पांगायहून फोआला समुद्रातून बांधलेला रस्ता आहे, माकाच्या गाडीने आम्ही घराकडे निघालो. मी एकदाच हळू विचारलं, हलतंय का? तोआ म्हणाली, नाही.

लुसिआनेला आत ठेवलं होतं. बायका भजन म्हणत होत्या. भाऊ आत जात नाही, म्हणून मी मागे स्वयंपाकाच्या चुलीपाशी बसलो. तोआ गेली. तिने आत्याला शेवटची पाहिली होती ती पाचेक वर्षांची असताना. तेव्हा लुसिआने चांगली अंगाने भरलेली होती.

भजन एकदम तुटलं. आत कोणीतरी पडल्याचा आवाज झाला.

मग तोआला धरून बाहेर आणलं. ती माझ्याजवळ बसली. तिचे दात वाजत होते.

"बाबा... चटई तीच आहे. तिच्या अंगाखाली. निळी किनार. कोपरा कुरतडलेला."

"आणि तोंड?"

"तोंडही तेच."

मी तिचा हात धरला.

"मी कपाळाला ओठ लावले," ती म्हणाली. "आणि बाळाने लाथ मारली. एवढ्या जोरात मारली बाबा की मी पडले."

मी रडलो. हलत होतं, जिवंत होतं, त्या क्षणी मला दुसरं काहीच नको होतं. मला वाटलं, माझी बहीण मरून एवढा समुद्र ओलांडून आली, तेल लावून गेली, माफ करून गेली. मी तिला मनात नमस्कार केला.

पण तोआने माझा हात सोडला नाही.

"एक सांगायचंय," ती म्हणाली. "बोटीवर त्यांनी मला विचारलं होतं. पोटावर हात ठेवून. म्हणाल्या, हे मला देशील?"

"मग?"

"मग काय? कोणी असं म्हटलं तर काय म्हणतात? मी म्हटलं, हो, चालेल की. तुमचंच आहे."

तिची काय चूक? आमच्यात सगळे हेच म्हणतात. नाही म्हणणं म्हणजे तोंडावर थुंकणं. मी असतो तरी हेच म्हणालो असतो. आणि आत्याने मागितल्यावर तर विचारायचंही कारण नसतं. तिचंच असतं.

"गेलेल्या माणसाला काय देणार आपण?" मी म्हटलं. "झोप आता."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. तोआ कण्हली तरी मी उठून बसायचो. वाटायचं, आता नेईल. आज नेईल. नुकुआलोफाला दवाखान्याच्या बाकावर मी बसलो होतो, तेव्हा मी देवाला आणि लुसिआनेला एकदमच विनवत होतो. कोण कोणाचं ऐकतं माहीत नाही.

मुलगी झाली. धडधाकट. रडली ती सबंध दवाखान्याला ऐकू गेलं.

तोआ म्हणाली, नाव लुसिआने ठेवू.

मी म्हटलं, दुसरं ठेव.

"तिने मागितलं होतं बाबा. निदान नाव तरी देऊ. म्हणजे फिटेल."

मलाही ते पटलं. नाव दिलं म्हणजे फिटलं.

त्या दिवशी बाळाला माझ्या मांडीवर ठेवलं. रडत होती ती एकदम थांबली. अंग आखडून घेतलं. श्वाससुद्धा रोखून धरल्यासारखी... मी घाबरून परत दिली. तोआच्या हातात जाताच रडायला लागली.

दर वेळी असंच झालं. नंतर मी घ्यायचं सोडलं.

मग ती रांगायला लागली. मग चालायला.

आता चौथं चालू आहे तिला. बडबडी आहे म्हणतात. शेजारच्या म्हाताऱ्यांच्या मांडीवर चढते, त्यांच्या मिशा ओढते. फेलेती सुट्टीवर आला की त्याच्या खांद्यावरून उतरत नाही.

फक्त मी खोलीत आलो की... उठते.

बोलता बोलता. अर्धं वाक्य तोंडात. लहान पावलं भिंतीच्या कडेने जातात, मागच्या दाराने बाहेर. मी बसतो तेव्हा चटई गरम असते.

तोआ म्हणते, लाजते तुम्हाला. फेलेती म्हणतो, डोळ्यांना घाबरत असेल, होईल सवय. मी काही बोलत नाही. तोआ सारखी हसते आजकाल. तिचं हसू मला मोडवत नाही.

पण घाबरलेलं पोर पळतं. ही पळत नाही. सावकाश उठते आणि जाते. मान राखून.

मला एकदा तिला मांडीवर घ्यायचं आहे. बाकी काही नको. नातीने आजोबाला एवढं द्यायला काय हरकत आहे?

मागच्या महिन्यात एका दुपारी घरात कोणी नव्हतं. तोआ चर्चच्या बायकांबरोबर गेली होती. मी इथेच पडलो होतो, याच चटईवर. तहान लागली होती, पण उठायचा कंटाळा आला होता.

दाराच्या खांबावर टकटक झालं.

दोनदा.

बहिणीच्या त्या टकटकीची गोष्ट मी तोआला कधीच सांगितलेली नाही. कोणालाच नाही. आज पहिल्यांदा बोलतोय.

मी सरपटत दारापर्यंत गेलो. उंबऱ्यावर पाण्याचा पेला होता. पावलं अंगणात पोचली होती. लहान पावलं.

"लुसिआने," मी म्हणालो.

पावलं थांबली.

मी कोणत्या लुसिआनेला हाक मारली, मला सांगता येणार नाही. जन्मात पहिल्यांदा मी त्या नावाला पाठीमागून हाक मारली होती.

मग ती पावलं अंगणातून पुढे गेली. सावकाश.

मी पाणी प्यायलो. पेल्याला तेलाचा वास होता.

आता मी खोलीत शिरण्याआधी दारात थांबतो. काठी दोनदा आपटतो, घसा खाकरतो. तोआ म्हणते, बाबा, स्वतःच्या घरात खाकरता कशाला?

मी म्हणतो, सवय आहे जुनी.

तिला उठायला वेळ मिळावा म्हणून मी तसं करतो.